एकच तर कापली

पाहुणी यायला तास उरला होता आणि वस्तीत एकही कोंबडी ओरडत नव्हती. पंचशीला बाहेर येऊन बघायला लागली. शांतता कमी होती म्हणून की काय, भामाबाईंच्या घरातून खोबरं भाजल्याचा वास आला. ती धावतच आत गेली.

"मावशी, तुमची कोंबडी कुठाय?"

"पातेल्यात," चुलीपुढून न हलता भामाबाई म्हणाल्या. त्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. पंचशीला मॅट्रिक झालेली, म्हणून चिटणीस.

"आवो, पाहुणी तीच बघायला येऊन राहिली ना."

"बघू दे की. बाकी सहा जणींच्या हायत. एवढ्या लांबून बाई येणार आन अध्यक्षाच्या घरी पिठलं खाणार व्हय? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

पंचशीला मंडळातल्याच चांगुणाच्या घरी पळाली. चांगुणा मसाला वाटत होती. "एकच तर कापली," ती म्हणाली. "दाखवायला बाकीच्यांच्या हायत की."

तिसऱ्या घरी तेच. चौथ्या घरी दारातच पिसं दिसली, त्यामुळे विचारायची गरज पडली नाही. प्रत्येकीने एकच कापली होती, प्रत्येकीने दुसरीच्या भरवशावर कापली होती, आणि प्रत्येकीकडे होती एकच.

रेणापूरच्या पुढच्या त्या गावात सलग दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला होता. बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. भामाबाईंच्या तळव्यांची सालं निघाली होती. लातूर जिल्हा नवा झाला, नव्या कार्यालयात नवी योजना आली आणि मंडळाच्या सात बायकांना सुधारित जातीच्या कोंबड्या मिळाल्या. उन्हाने बऱ्याच मेल्या. उरलेल्या एकेक कोंबडीने मात्र इमानाने अंडी दिली, आणि बाजारात ती हातोहात खपली. आणखी चार-सहा मिळाल्या तर खडी सुटेल, एवढंच त्या बायकांचं मागणं होतं.

योजनेचे साहेब शरदचंद्र मागच्या आठवड्यात सांगून गेले होते, "आफ्रिकेतून, टांझानियातून नीमाबाई येताहेत. त्यांच्या खेड्यातल्या बायकांना असाच छोटा धंदा उभा करून द्यायचाय, म्हणून तुमचा बघायचाय. त्यांनी चांगलं लिहिलं तर प्रत्येकीला सहा तलंगा." तलंगा म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या कोंबड्या. नाही लिहिलं तर काय, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं. ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. सातही जणींनी मग एका कोंबडीच्या बदल्यात सहा, असा सरळ हिशेब केला आणि पाहुणीला खूश करायला विळी घेतली.

पंचशीलाची तेवढी वाचली होती. खरं सांगायचं तर तीही कापायचीच होती. पहाटे पत्र्यावर चढून बसली आणि खालीच येईना, म्हणून राहिली.

जीपचा धुरळा दिसला तेव्हा भामाबाईंना परिस्थिती कळून चुकली होती. त्यांनी पंचशीलाला गाठलं. "आता कसं गं पोरी? पुन्हा खडीच का?"

"मी माझी पत्र्यावरून उतरवून म्हागच्या बोळातून फिरते," पंचशीला म्हणाली. "तुमच्याकडं बघून झालं की पाहुणीला जेवायला बसवा. तेवढ्यात मी पुढच्या घरी पोचते."

नीमाबाई उतरल्या. उंच, धिप्पाड, आणि हसल्या की सगळं अंगच हसायचं. भामाबाईंच्या अंगणात त्यांनी कोंबडी नीट निरखली, काहीतरी लिहून घेतलं आणि रस्सा-भाकर खाल्ली. साहेब शाकाहारी, त्यामुळे त्यांनी कांदा आणि ठेचा घेतला. रस्सा संपवायला नीमाबाईंच्या मदतीला दुसरं कुणी नव्हतं.

चांगुणाच्या घरी पुन्हा कोंबडी, पुन्हा ताट. तिसऱ्या घरी साहेबांची नजर कोंबडीच्या शेपटाकडे गेली. डावीकडे एक पांढरं पीस. चांगुणाकडच्या कोंबडीलाही ते होतं. भामाबाईंकडच्याही. साहेबांना दरदरून घाम फुटला. 'उत्तम प्रगती' असा अहवाल त्यांनी स्वतःच्या सहीने वर धाडला होता. हे वर कळलं तर बदली थेट किनवटच्या पलीकडे, आणि घरी बायकोने नुकताच नळ असलेला वाडा भाड्याने मिळवलेला.

"नीमाबाई म्हणतात, कोंबड्या फार एकसारख्या आहेत," साहेबांनी घशातल्या घशात भाषांतर केलं.

"एकाच जातीच्या हायत ना, साहेब," भामाबाई म्हणाल्या.

"मी तेच सांगितलंय त्यांना," साहेब म्हणाले आणि त्यांनी रुमाल काढला.

पाचव्या घरी कोंबडी धापा टाकू लागली. सहाव्या घरी नीमाबाई धापा टाकू लागल्या. दोघींनाही कुणी थांबू देईना. बाया भीतीपोटी वाढत होत्या आणि नीमाबाई नाही म्हणायच्या भीतीपोटी खात होत्या. सातवं घर पंचशीलाचं. तिथे कोंबडी चोच उघडी टाकून मटकन खाली बसली. नीमाबाईंनी वाकून तिला मांडीवर घेतलं, आपल्या बाटलीतलं पाणी ओंजळीत ओतून पाजलं आणि शेपटातल्या पांढऱ्या पिसावरून बोट फिरवलं.  मग साहेबांकडे वळून सावकाश बोलल्या.

साहेब पांढरेफटक पडले.

"काय म्हणल्या?" भामाबाईंनी विचारलं.

"म्हणतात, एकच कोंबडी सात वेळा पाहिली आणि खाल्ल्या सहा."

कुणी वर बघेना. भामाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. शेवटी त्याच पुढे झाल्या. "त्यांना सांगा साहेब, चूक झाली. पर लबाडी न्हवती. तुम्हाला उपाशी कसं धाडावं, तेवढंच होतं मनात."

साहेबांनी सांगितलं. नीमाबाई कितीतरी वेळ बोलत राहिल्या, मग पदरासारखं अंगावरचं कापड तोंडाला लावून हसल्या. साहेबांना भाषांतर करायला जड जात होतं.

"त्यांच्या गावातही बायकांना कोंबड्या वाटल्या होत्या. बघायला राजधानीतून माणसं आली. एकदा आली, दोनदा आली. तिसऱ्या खेपेला दाखवायला काही राहिलं नाही. म्हणतात, कोंबड्या पाळणं आम्हाला येतं. पाहुण्यांपासून वाचवायच्या कशा, ते शिकायला मी तुमच्याकडे आले होते."

भामाबाईंनी नीमाबाईंचा हात धरला. दोघींच्या तळव्यांना सारखेच घट्टे होते, ते दोघींनाही लागले. जाताना नीमाबाईंनी जीपच्या बॉनेटवर वही ठेवून साहेबांसमोरच शिफारस लिहिली, तेव्हा कुठे साहेबांचा घाम वाळला.

तरी महिनाभर वस्तीला धाकधूक होतीच. बायका रोज खडीवर जात आणि संध्याकाळी रस्त्याकडे बघत. मग एका दुपारी साहेब स्वतः पत्र नाचवत आले. बायका टोपल्या टाकून गोळा झाल्या.

"प्रत्येकीला सहा तलंगा," साहेब म्हणाले. "मंजूर."

चांगुणा रडायला लागली. भामाबाईंनी आपले सोललेले तळवे एकदा पाहिले, पदराला पुसले. "पुढं काय लिवलंय, ते वाचा की."

साहेबांनी चष्मा सावरला. "वाटपाचा समारंभ ठेवलाय. जिल्ह्याहून पंचवीस पाहुणे येतील. भोजनाची व्यवस्था मंडळाने करावी."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पंचशीलाने नकळत वस्तीकडे, आपल्या घराच्या पत्र्याकडे पाहिलं.

"साहेब," भामाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तेवढं एक इचारून सांगा. आधी कोंबड्या येणार, का आधी पाहुणे?"