चौकोनाची उडी

मुलगी चौदाची झाल्यापासून माझ्याशी फक्त चार्जरबद्दल बोलते. त्यामुळे तिने परवा "बाबा, शाळेच्या स्पर्धेत माझा पार्टनर होशील?" असं विचारलं, तेव्हा कसली स्पर्धा हे न विचारताच मी हो म्हणून बसलो.

स्पर्धा मोबाइलवरच्या खेळाची होती. गाण्याच्या ठेक्यावर एक चौकोन पळत असतो. काटा आला की बोट टेकवायचं, चौकोन उडी मारतो. क्षणभर चुकलात की मेलात, पुन्हा पहिल्यापासून. माझा चौकोन पहिल्याच काट्यावर जाऊन बसायचा. शाळेसमोर पोरीचं नाक कापलं जाणार या धास्तीने मला जेवण जाईना. पुन्हा ती माझ्याकडे कधी काही मागणार नाही, ही भीती तर त्याहून मोठी. शेवटी तिला थक्क करायचं ठरवून मी बाथरूममध्ये गुपचूप सराव सुरू केला.

तिथे एक चमत्कार झाला. आमच्या वॉशिंग मशीनचा एक पाय वाकडा आहे. कपडे पिळताना ते ठक-ठक-ठकाठक नाचतं. त्या ठेक्यावर माझा चौकोन चक्क तरला! मशीन थांबलं की मेला. मग मी धुतलेलेच कपडे पुन्हा धुवायला लागलो.

"अहो, हा शर्ट सकाळीच धुतला होता ना?" बायकोने दारातून विचारलं.

"हो."

"मग काय लागलंय त्याला?"

"काही नाही."

"म्हणूनच विचारतेय. खरं सांगा, कोणाचं काय लागलंय?"

(संसारात एवढा घाम मला कधी फुटला नव्हता.) सगळं कबूल करावं लागलं. ती पोट धरून हसली आणि दुसऱ्या दिवशी तिने मेकॅनिकला बोलावून मशीनचा पाय सरळ करून घेतला. "बघा साहेब, आवाज गायब!" तो अभिमानाने म्हणाला. मला रडू यायचं बाकी होतं.

मग मीच मशीन झालो. टाच आपटत ठेका धरायचा आणि खेळायचं. खालचे काका दोनदा वर येऊन गेले, पण चौकोन पळू लागला.

स्पर्धेच्या दिवशी आधी पालकांची चाचणी होती. टाच आपटली आणि अख्खी पातळी एका दमात पार! टाळ्या पडल्या. बाईंनी जाहीर केलं, "ही जोडी तरबेज गटात!"

पोरीचा चेहरा पांढराफटक. आनंदाने असेल, असं मला वाटलं. तरबेज गटात आम्ही पहिल्याच फेरीत बाद झालो.

परतताना मी चाचरत म्हणालो, "सुधारलो की नाही?"

"कोणी सांगितलं होतं सुधारायला?" तिचे डोळे भरले होते. "पालकाला येत नसेल तर नवशिक्यांचा गट मिळतो. तिथे मी एकटीने जिंकले असते. म्हणून तर तुला घेतलं! आई लगेच शिकली असती."

मला फार वाईट वाटलं. घर येईपर्यंत तीच जरा निवळली.

"पुढच्या वर्षी आईला घेणार," ती म्हणाली. "पण तिला तू शिकवायचं हं, बाबा."

माझा ऊर भरून आला. "मीच का गं?"

"म्हणजे नवशिक्यांचा गट नक्की."