ऑर्विल स्टेजवरून उतरतो

शेवटच्या साध्यासुध्या रविवारी ऑर्विल प्रुइटने मुलीला विचारलं, "नेल्डा, बँडची सुट्टी झालीय. एक नाच होऊन जाऊ दे?"

"डॅडी, मी वाचतेय." नेल्डाने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही.

"भर दुपारी गुत्त्यात बसून पुस्तक वाचणारी अख्ख्या टेक्ससमध्ये तू एकटीच असशील."

"तुमच्या बिअरवर लक्ष ठेवायला मॉमाने पाठवलंय. नाहीतर मला काय हौस इथं यायची?"

हे ती वर्षानुवर्षं सांगत आली होती. ऑर्विल हसला. घरून आणलेला कॉफीचा रिकामा लाल डबा त्याने बारवाल्या ड्यूईकडे सरकवला आणि तो पुन्हा आपल्या स्टील गिटारमागे जाऊन बसला. ही गिटार मेजासारखी पुढ्यात मांडून बसूनच वाजवायची असते. त्यामुळे 'लेम म्यूल' नावाच्या या गुत्त्यात सगळं गाव नाचायचं आणि ऑर्विल बसलेला असायचा. त्याची बायको व्हर्ना बरीच वर्षं दुसऱ्यांच्या नवऱ्यांबरोबर नाचली. मग एका रविवारी वैतागून तिने तिथे यायचंच सोडलं.

मंगळवारी सकाळी ऑर्विल आपल्या ट्रकमध्ये सापडला. हातात किल्ली होती, ती लावायची राहून गेली होती.

'माझी राख कॉफीच्या डब्यातच ठेवा, उगाच फुलदाणीत बसवू नका,' असं तो नेहमी म्हणायचा. तेव्हा सगळे हसायचे. आता त्याचं ऐकणं भाग होतं. पुढच्या रविवारी संध्याकाळी लानो नदीत राख सोडायचं ठरलं, आणि बँडच्या क्लेटनने टोपी हातात धरून व्हर्नाला विचारलं, "मॅम, दुपारी एकदा त्याला स्टेजवर बसवू? शेवटचं?"

व्हर्नाने डब्याचं झाकण घट्ट दाबून पाहिलं. मग डबा नेल्डाच्या हातात देत म्हणाली, "ने. पण जसा नेतेयस तसा परत आण. अख्खा."

स्टेजवर ऑर्विलच्या खुर्चीत डबा ठेवला, त्याच्या शेजारी त्याची हॅट ठेवली. पहिल्या गाण्यापर्यंत सगळं नीट होतं. दुसऱ्या गाण्याला ड्रम सुरू झाला तशी स्टेजची फळी थरथरू लागली आणि डबा खुर्चीच्या कडेकडे सरकू लागला. नेल्डा धावली. डबा उचलून तिने बारच्या टोकाला, आपल्या पुस्तकाशेजारी भिंतीला टेकवून ठेवला. तिथून पडणं शक्यच नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला आणि ती बाहेर उन्हात गेली.

"ठीक आहे ना तो?" व्हर्नाने विचारलं.

"हो मॉमा. आरामात आहेत."

"मी येतेय. घरी बसवत नाही."

नेल्डा आत आली तेव्हा ड्यूई नाचाच्या जागेवर पाठमोरा फिरत होता आणि लाल डबा हलवून लाकडी जमिनीवर भुकटी शिंपडत होता. बूट सहज घसरावेत म्हणून मक्याचं पीठ आणि मेणाची भुकटी टाकायची इथली रीत. ती भुकटी ड्यूई ज्या डब्यांत भरायचा ते सगळे ऑर्विलच्याच स्वयंपाकघरातून आलेले, आणि ते ठेवायची जागा म्हणजे बारचं टोक.

"आज जरा भरडच आहे," ड्यूई म्हणाला. "आणि कोणी तरी झाकण बदललंय बघ. भोकंच नव्हती. खिळ्याने पाडावी लागली."

नेल्डाने नुसतं बारकडे बोट दाखवलं. तिथे तिचं पुस्तक होतं, फक्त पुस्तक.

ड्यूईने हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. मग अगदी हळू, एखादं झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा त्याने डबा बारवर ठेवला. "अरे देवा," एवढंच तो म्हणाला.

जमिनीवर आठ-दहा जोड्या जोमात गरगरत होत्या. नेल्डाने स्टेजपाशी जाऊन क्लेटनच्या कानात सांगितलं. त्याने एकच कडवं सलग तीनदा म्हटलं, कारण पुढचं त्याला आठवेना. मग गाणं मध्येच बंद पडलं आणि तो माइकमध्ये म्हणाला, "मंडळी, कृपा करून कोणी हलू नका. तुम्ही ऑर्विलवर उभे आहात."

कोणी हललं नाही. म्हाताऱ्या हॉलिसचा एक पाय हवेत होता, तो त्याने हवेतच ठेवला आणि हॅट काढली.

"झाडू आणू?" ड्यूईने विचारलं.

"झाडू? डॅडींना?"

"मग काय चमच्याने गोळा करू? ट्रकमध्ये घोड्याचा मऊ ब्रश आहे."

ब्रश आला. ड्यूईने गुडघ्यांवर बसून पसाभर गोळा केलं. त्यात पीठ होतं, शेंगांची टरफलं होती, एक शर्टाचं बटण होतं. यातला ऑर्विल कुठला, हे कुणालाही सांगता येईना.

"माझा पाय भरून आलाय," हॉलिस म्हणाला.

"ठेव खाली. त्याने तुझा बेसूर आवाज इतकी वर्षं सोसला, पायही सोसेल," ड्यूई म्हणाला.

त्याच वेळी दार उघडलं. दुपारचं ऊन सरळ आत शिरलं आणि हवेत तरंगणारी सगळी धूळ सोनेरी झाली. दारात काळ्या पोशाखात व्हर्ना उभी होती.

"कोणी वारल्यासारखे चेहरे करून का उभे आहात," ती म्हणाली, आणि आपलंच बोलणं कानी पडून थांबली. "नेल्डा, तो कुठाय?"

नेल्डाने सांगितलं. झाकण, खिळा, भुकटी, सगळं. सांगताना तिला आईच्या तोंडाकडे पाहवेना.

"कुठपर्यंत गेलाय?"

"सगळीकडे. स्टेजच्या पायरीपासून सिगारेटच्या मशीनपर्यंत."

व्हर्नाने पायरीपासून मशीनपर्यंतची जमीन नजरेने मोजली. ड्यूई गुडघ्यांवरून उठायला विसरला होता.

"लग्न झाल्यापासून सांगतेय त्याला," व्हर्ना शेवटी म्हणाली, "एकदा तरी खाली उतर." तिने पर्स बारवर ठेवली. "क्लेटन, पुतळ्यासारखा उभा काय राहिलास? वाजव. सावकाश काहीतरी. दम लागतो मला."

"मॅम, स्टील गिटार नाहीये."

"ती तिथं नाहीये म्हणून तर तो इथं आहे."

फिडल सुरू झालं. व्हर्नाने बूट पुढे सरकवला. तो छान घसरला. "भुकटी चांगली आहे, ड्यूई," ती म्हणाली, आणि नेल्डाकडे हात केला. "ये. दोघींना पुरेल एवढा आहे."

नेल्डाला पावलं येत नव्हती. आईने तिला धरून नेलं तशी ती चालत गेली, मान खाली घालून, कुठे पाय पडतोय ते बघत. गाणं अर्ध्यावर आलं. स्टील गिटारने बोलायची जागा आली आणि क्लेटनने ती रिकामी सोडली.

त्या रिकाम्या जागेत, जमिनीकडे बघत, नेल्डा मोठ्याने म्हणाली, "डॅडी, मॉमाने मला कधी पाठवलंच नव्हतं. मी तुमचं वाजवणं ऐकायला यायचे."