तांबड्या शाईची खूण

महिपतरावांनी तीस वर्षं दरबारच्या मोजणी खात्यात नकाशे काढले होते. आपला एकही नकाशा कधी चुकला नाही, हे ते लोकांना भर रस्त्यात थांबवून सांगत. उभ्यानंच, कारण बसणं शक्य नव्हतं. भगंदर झालं होतं! दोन डॉक्टरांनी दोनदा कापलं, दोनदा ते उलटलं, आणि तेव्हापासून महिपतराव साऱ्या लष्कर शहरावर चिडलेले असत. दूधवाल्यावर, टांगेवाल्यावर, आणि बायकोवर, सुमनताईंवर, तर विचारूच नका!

तिसरे डॉक्टर गोपाळकृष्ण म्हणाले, "आधीच्या दोघांनी चाचपडत कापलं. आतली वाट कुठे वळते हे कुणी पाहिलंच नाही. मी बाहेरच्या छिद्रातून औषध भरून एक्स-रे काढतो. वाट पांढरी दिसेल. मग सुरी."

"म्हणजे नकाशा!" महिपतराव गरजले. "दोन वर्षांत पहिला शहाणा माणूस भेटला!"

फिल्म तयार झाली. डॉक्टर नको नको म्हणत असताना महिपतरावांनी ती रात्रीपुरती दाना ओली गल्लीतल्या घरी आणली आणि खिडकीतल्या मावळतीच्या उजेडात धरली. मधोमध हाडं, खालून वर चढलेली पांढरी रेघ, तिला उजवीकडे फुटलेला फाटा. डाव्या कोपऱ्यात इंग्रजी 'आर'.

"ही बघ, एक्स-रेवाल्यानं सही ठोकलीय! रामलाल असेल, नाहीतर रघुवर. उत्तर दिशा दाखवायची अक्कल नाही, सही मात्र ठळक! आणि हा फाटा पाहिलास? उजवीकडे! त्या दोन्ही गाढवांनी डावीकडे कापलं!"

"अहो, पण दुखतं तर तुमच्या डावीकडे ना?" सुमनताई म्हणाल्या.

"दुखण्याला काय कळतंय? नकाशात आहे ते खरं! आण ती तांबडी शाई!"

"कशाला?"

"हा तिसराही चुकला म्हणजे? खूण कर!"

सुमनताईंनी देवाचं नाव घेतलं, पदर खोचला आणि नवऱ्यानं पालथं पडून दिलेल्या हुकमाबरहुकूम खूण केली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर डॉक्टरांनी चादर उचलली आणि ते दोन पावलं मागे सरले. उजव्या कुल्ल्यावर तांबडा बाण, आणि खाली सुवाच्य अक्षरात: 'येथून कापावे'.

"हे काय आहे?"

"हद्दीची खूण!"

"महिपतराव, फाटा डावीकडे आहे."

"मला नकाशा वाचायला शिकवता?" महिपतराव पालथे पडल्या पडल्याच ओरडले. क्लोरोफॉर्मचा रुमाल त्यांनी दूर भिरकावला. "बोलवा त्या सही करणाऱ्याला!"

एक्स-रेवाला धावत आला. "साहब, वो दस्तखत नहीं है. आर माने राइट, दाहिना. मेरा नाम तो कन्हैयालाल है!"

"खोटं! उजवं डावीकडे कसं येईल?"

आता डॉक्टरही भडकले. ते टेबलाला वळसा घालून त्यांच्यासमोर उभे राहिले. "माझा उजवा हात तुमच्या कुठल्या बाजूला आहे?"

"डाव्या."

"फोटोतला माणूसही असाच तुमच्याकडे तोंड करून आहे! तुमच्या खुणेवर सुरी चालवली असती, तर मळ रोखणारा चांगला स्नायू तुटून जन्मभर धोतर सांभाळत बसला असतात!"

महिपतरावांचा नकाशा चुकला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा! बराच वेळ त्यांनी रागवायला कुणी सापडतं का ते पाहिलं. मग म्हणाले, "द्या तो रुमाल."

फाटा डावीकडेच निघाला, अगदी फोटोत होता तिथे. दीड महिन्यात जखम भरली.

शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी हळूच विचारलं, "ही फिल्म नव्या डॉक्टरांना शिकवायला ठेवू का? तुमचं नाव लिहिणार नाही."

"का नाही लिहिणार?" महिपतराव ताडकन उसळले. "बिननावाचा नकाशा आमच्या खात्यात बाद धरतात! पूर्ण नाव लिहा. हुद्द्यासकट!"

सुमनताईंनी पदरात तोंड लपवलं.

पुढे वर्षभरानं सराफा बाजारात एका तरण्या डॉक्टरानं त्यांना वाकून नमस्कार केला. "आपण मोजणी खात्याचे महिपतराव ना? आपल्याला चांगलं ओळखतो मी!"

"अस्सं?" महिपतराव फुलले. "कुठे पाहिलंत मला?"

तो बिचारा लाजून जमिनीकडे पाहू लागला. महिपतरावांना ती फिल्म आठवली, आणि पगडी डोळ्यांवर ओढून ते दिसेल त्या गल्लीत शिरले.