कुरामोचींनी पचवलेली थाप

ओसाकातल्या त्या पोकर क्लबात दर बुधवारी खेळ संपला की चुकांची कबुली चालायची. ही प्रथा कुरामोचींनी आणलेली. त्यांचा उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात गेला. तिथे पाइप फुटला की आधी सगळ्यांनी ओळीने उभं राहून माफी मागायची, मग पाइपाकडे बघायचं. निवृत्त झाल्यावर पोकर शिकले, तेव्हा तीच शिस्त त्यांनी इथेही लावली. प्रत्येकाने उठायचं, कमरेत वाकायचं, आपला हरलेला डाव पानन् पान सांगायचा आणि चूक कबूल करायची. जुन्या डावांतून शिकलं की माणूस सुधारतो, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि सुधारले की सगळे. एकटे कुरामोची तेवढे राहिले. आपण कधी घाबरतो, कधी चेकाळतो, हे दर आठवड्याला इतकं नीट समजावून सांगणारा प्रतिस्पर्धी मिळाल्यावर बाकीचे कशाला मागे राहतील?

"अहो, इतक्या चुका काढल्यात, एकदा तरी जिंकलात?" बायकोने, ताकाएबाईंनी, एक दिवस विचारलंच.

"सुधारतोय."

"ते दिसतंयच. मग असं करू. या रविवारची स्पर्धा जिंकलात तर खेळा जन्मभर, मी तोंड उघडणार नाही. हरलात तर पत्ते बंद, आणि माझ्या हुला नाचाच्या वर्गात यायचं. आम्हाला पुरुष कमी पडतात."

कमी म्हणजे एकच होता. फुलाफुलांचा सदरा आणि गळ्यात हार घालून जत्रेत कंबर हलवणारे ते माजी पोस्टमास्तर कुरामोचींनी एकदा पाहिले होते, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नव्हतं.

भल्या माणसाची झोप उडाली. सगळे जुने डाव आठवून आठवून तपासले, तेव्हा लक्षात आलं की हातात काही नसताना असल्याचा आव आणला की आपण हमखास पकडले जातो. बुधवारी ते उठले, नेहमीपेक्षा खोल वाकले आणि म्हणाले, "माझ्या सगळ्या हरण्याचं मूळ म्हणजे थापा. आजपासून मी थाप मारणार नाही. शब्द देतो."

टोफूवाले ओकुदा क्लबातले सगळ्यांत पक्के खेळाडू. त्यांनाही राहवेना. "कुरामोचीसान, असं कुणी आधी सांगतं का?"

"लपवलेली चूक सुटत नाही, ओकुदासान."

"बरं बुवा. आमचं काय जातंय?"

रविवारी घाईघाईत कुरामोचींचा चष्मा घरीच राहिला. पण दिलेला शब्द भलताच कामाला आला. त्यांनी पैजेच्या चकत्या पुढे सारल्या की बाकीचे निमूटपणे पानं टाकून द्यायचे. थाप नाही म्हटल्यावर भिडणार कोण? असं करत करत शेवटी दोघंच उरले, ते आणि ओकुदा.

टेबलावर दोघांच्या सामाईक पानांत तीन इस्पिकची उघडी होती. कुरामोचींनी आपली दोन पानं नाकाला लावून पाहिली. दोन्ही काळी. म्हणजे पाच इस्पिक, हातचा डाव. त्यांनी होत्या नव्हत्या त्या सगळ्या चकत्या पुढे ढकलल्या.

ओकुदांच्या निम्म्याहून जास्त चकत्या आधीच मध्ये पडल्या होत्या आणि टेबलावरचा एक धरून तीन राजे जमले होते. त्यांनी विचारलं, "शब्द लक्षात आहे ना?"

"आहे. पाच इस्पिक आहेत माझ्याकडे." आवाजात कंप नाही, काही नाही.

पाच इस्पिकांपुढे तीन राजे फिकेच. ओकुदांनी सुस्कारा सोडला आणि ते टाकून दिले. उरल्यासुरल्या चकत्या पुढच्याच डावात गेल्या. कुरामोची जिंकले.

त्या दोन डावांच्या मधल्या वेळात, लाडक्या पानांकडे एकदा डोळे भरून बघावं म्हणून त्यांनी पत्ते वाटणाऱ्या बाईंचा चष्मा मागून घेतला होता. एक पान किलवरचं निघालं. म्हणजे हातात काहीच नव्हतं.

आता कबुलीची वेळ. ओकुदा उठून वाकले. "मी तीन राजे टाकले. पण यात माझी चूक नाही. कुरामोचीसान खोटं बोलत नाहीत. बरोबर ना?"

सगळे कुरामोचींकडे वळले. खरं सांगावं तर शब्द मोडला असं होणार, आणि शब्द मोडून जिंकलेलं त्यांच्या शिस्तीत परत करावं लागणार. डोळ्यांपुढे तो फुलाफुलांचा सदरा आला.

"बरोबर," कुरामोची म्हणाले. "पाच इस्पिक होती."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी पोचेपर्यंत त्यांना दम निघेना. जेवायला बसल्या बसल्या त्यांनी बायकोला सगळं सांगून टाकलं.

"आणि कुणाला संशय नाही आला?" ताकाएबाई हसत होत्या.

"छे, नावालाही नाही. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही माझ्या."

ताकाएबाईंचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी हातातला सूप वाढायचा डाव खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला येतं तर."

"काय?"

"खोटं बोलायला. मी लग्न झाल्यापासून समजत होते, या माणसाला ते जमतच नाही." त्या समोर येऊन बसल्या. "माझी आई राहायला आली की नेमकी तुम्हाला रात्रपाळी लागायची. बसा जरा. आपण एकेक रात्र आठवून बघू."

कुरामोचींनी निवत चाललेलं सूप बाजूला सारलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "तुझ्या त्या हुलाच्या वर्गात जागा आहे का अजून?"

"आहे ना," ताकाएबाई म्हणाल्या. "पण आधी रात्रपाळ्या."