पाच गाद्या आणि एक पाय

गुरुदत्त पालशेतकर हॉलच्या मधोमध एका पायावर उभा राहिला आणि चौथ्या सेकंदाला सोफ्याच्या मागे दिसेनासा झाला.

“किती झाले?” सोफ्यामागून आवाज आला.

“चार,” मोबाईलवरचं घड्याळ थांबवत मैना म्हणाली. “त्यातला एक पडण्यात गेला.”

“तो धरायचा नाही.”

“मग तीन.”

नवऱ्याला उठवायला ती गेली नाही. पहिल्या दिवशी गेली होती, तेव्हा तो तिच्याच अंगावर पडला होता.

गुरुदत्त ओमानमधल्या सोहारच्या बंदरात सेफ्टी सुपरवायझर होता. अकरा वर्षं तो क्रेनवर चढून बोल्ट तपासत होता. वरून साहेबाचं टक्कल तिथल्या पाच बैशांच्या नाण्याएवढं दिसतं, हे तो घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. आता कंपनीने नवीनच टूम काढली होती. उंचीवर चढणाऱ्या प्रत्येकाने एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं आणि कोपरांवर अंग तोलून एक मिनिट प्लँक धरायचा. तीन आठवड्यांनी परीक्षा. जो नापास होईल तो खाली स्टोअरमध्ये हेल्मेट वाटत बसणार आणि वर जाणार कौशिक. कौशिक म्हणजे गुरुदत्तचा ज्युनियर. आठ वर्षांपूर्वी त्याला शिडीवर पहिला पाय कुठे ठेवायचा ते गुरुदत्तनेच शिकवलं होतं आणि तेही शिव्या देऊन.

“हेल्मेट वाटणारा गुरुदत्त,” तो मैनाला म्हणाला. “कौशिक येऊन मला म्हणणार, दादा, मिडियम साइज द्या. ऐकून घेशील तू?”

मैनाला ऐकून घ्यायला काही हरकत नव्हती. पण अकरा वर्षं जो माणूस वरच्या वाऱ्यात मोकळा होऊन घरी यायचा, तो दिवसभर खाली बसून किती तुंबून येईल, याचा तिने विचार केला आणि मोबाईल पुन्हा हातात घेतला.

व्यायाम शिकवायला मोबाईलमध्ये एक मुलगी होती. ती हसत हसत सांगायची, “जमत नसेल तर व्यायाम सोपा करून घ्या. भिंतीचा आधार घ्या, गुडघे टेकवा. आणि मग हळूहळू आधार काढत जा.” गुरुदत्तने पहिली दोन वाक्यं ऐकली आणि व्हिडिओ बंद केला. सोपं करणं हा तर त्याचा धंदा होता.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर कागद लागला. काम: एका पायावर उभे राहणे. धोका: टाईल्स. उपाय: गादी. खाली देखरेख करणाऱ्याची सही.

“ही सही कोणी करायची?”

“तू. सहीशिवाय काम सुरू करता येत नाही.”

“आणि मी नाही केली तर?”

“तर काम बंद.”

मैनाने पेन खाली ठेवलं. मग त्याचं तोंड बघून परत उचललं आणि सही केली.

गादी मात्र शोधावी लागली नाही, ती आपल्या पायांनी आली. म्हणजे घेऊन आली खालच्या मजल्यावरची सुरैया. ती रत्नागिरीची, आणि तिचा नवरा उस्मान सोहारच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, बैठकीच्या गाद्या विकायचा. ओमानी घरांत भिंतीला लावून जमिनीवर मांडतात त्या, वीतभर जाड.

“काय गो मैना, वरती रेडा बांधलास काय?” ती दारातूनच म्हणाली. “माझा पंखा हलतोय. उस्मान म्हणाला, भूकंप आला. मी म्हटलं, भूकंप दर दहा मिनिटांनी नाही येत, हे पालशेतकरांचे असणार.”

“व्यायाम करतायत.”

“खाली पडण्याचा?”

गुरुदत्तने गादी बोटाने दाबून बघितली, मान डोलावली आणि तिच्यावर चढला. दोन सेकंद. आतापर्यंत कधी इतक्या लवकर तो पडला नव्हता.

कंपनीत अपघात झाला की एक उपाय वाढवायचा, हा नियम. त्याने रीतसर अपघाताचा अहवाल लिहिला, त्यावर मैनाची सही घेतली आणि उस्मानकडून एक गादी वाढवली. मग आणखी पडला. मग आणखी एक. दुसरा आठवडा संपेपर्यंत हॉलमध्ये चार गाद्यांचा ढीग झाला आणि टीव्ही बघायला मैनाला स्वयंपाकघरातून मान वाकडी करावी लागायला लागली. गुरुदत्तच्या डोक्यावर हेल्मेट आलं, पायांत लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज आले, छातीवर पट्टे आले. पट्ट्यांचा हुक तो पंख्याच्या कडीत अडकवणार होता, तेव्हा मैना पहिल्यांदा ओरडली.

“तो हुक खाली! पंख्यासकट पडाल तर सुरैया मला पोलिसात देईल.”

प्लँकची तऱ्हा वेगळी. कोपरं गादीत रुतायची, पोट टेकायचं, आणि मिनिटभर तोंड गादीत खुपसून तो कण्हत पडायचा. पोट वर उचलायला गेला की थरथरायचा, पण उचलायचा. त्याचं स्वतःचं मत असं, की आपण दिवसेंदिवस खराब होत चाललोय.

मैना तापट होती, पण आंधळी नव्हती. एका दुपारी तो कामावर असताना ती स्वयंपाकघरातल्या टाईल्सवर एका पायावर उभी राहिली. चाळीस सेकंद. मग हॉलमध्ये जाऊन गाद्यांवर उभी राहिली. एक, दोन, आणि ती उशीसारखी घरंगळली. संध्याकाळी तो चप्पल काढतोय तोच तिने सांगून टाकलं.

“अहो, गादीमुळे पडताय तुम्ही. खाली उतरा, टाईल्सवर करा.”

“मैना, गादीने आजवर कोणाला पाडलंय?”

“तुम्हाला! रोज अठरा वेळा!”

“गादी हा उपाय आहे. धोका टाईल्सचा आहे. वाच.” त्याने फ्रिजकडे बोट केलं.

“मी करून बघितलं ना.”

“परमिट काढलं होतंस?”

मैनाने कागद फ्रिजवरून ओढून काढला, चार तुकडे केले आणि भाजीच्या सालांत टाकला. दुसऱ्या दिवशी तिथे नवीन कागद होता आणि उपायांमध्ये पाचवी गादी होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तो पाच गाद्यांच्या टोकावरून घरंगळला आणि नेमका स्वतःच्याच पायातून निसटलेल्या बुटावर बसला. माकडहाड. सकाळी गाडी मैनाला चालवावी लागली. गुरुदत्त मागच्या सीटवर पोटावर झोपला होता.

“काय टाइप करताय?” तिने आरशातून विचारलं.

“कंपनीला मेल. माझा तोल राहत नाही, मी स्वतःहून उंचीचं काम सोडतो.”

“परीक्षा द्यायच्या आधीच?”

“काल सात सेकंद होते, मैना. कौशिकसमोर पडण्यापेक्षा हे बरं. नापास झाला म्हणणार नाहीत, सोडलं म्हणतील.”

“थांबा! पाठवू नका!”

“पाठवलं,” तो सीटमध्ये तोंड घालून म्हणाला. मैनाने इतक्या जोरात हॉर्न मारला, की पुढच्या पिकअपमधला माणूस खिडकीतून हात काढून माफी मागायला लागला.

परीक्षा कंपनीच्या दवाखान्यात होती. नाव यादीत होतं, म्हणून उभं तर राहावं लागलंच. साधी, सपाट, कडक फरशी. अंगावर पट्टे नाहीत, डोक्यावर हेल्मेट नाही, पायांत बूट नाहीत. नर्सने हातातलं घड्याळ सुरू केलं. गुरुदत्तने डोळे मिटून पाय उचलला आणि पडायची वाट बघत राहिला.

तीस सेकंद झाले. चाळीस. नर्स घड्याळ कानाशी धरून बघायला लागली. साठाला ती म्हणाली, “खलास, खलास, झालं बाबा, पाय खाली.” गुरुदत्तने एक डोळा उघडून पायाकडे असं बघितलं, जसा काही तो दुसऱ्याचाच आहे. दुसऱ्या पायावरही तसंच. प्लँक अडीच मिनिटं. नर्सने त्याला हाताने दाबून खाली बसवलं, तेव्हा माकडहाडाच्या कळेने तो किंचाळला. तेवढाच काय तो आवाज.

कौशिक अठराव्या सेकंदाला तोल जाऊन वजनाच्या काट्यावर जाऊन बसला.

मैनाला हसू आवरेना. डुगडुगत्या गाद्यांवर पडून पडून त्याचे पाय एवढे पक्के झाले होते, की सपाट फरशी त्यांना काहीच वाटली नव्हती. ती काचेबाहेरून नवऱ्याला अंगठा दाखवतच होती, तेवढ्यात साहेब मोबाईल बघत आत आले. साहेब ओमानी, पण वीस वर्षं भारतीयांत राहून त्यांचं हिंदी मैनापेक्षा बरं होतं.

“गुरुदत्त, माशाल्ला, पूरे पोर्ट में अव्वल. लेकिन यह मेल?”

“सर, वो गलती से...”

“गलती से दस्तखत भी?” साहेबांनी मोबाईल फिरवून दाखवला. “जो आदमी खुद लिखे कि बैलेंस नहीं रहता, वह एक साल ऊपर नहीं जाएगा. यह किसका रूल है?”

रूल गुरुदत्तचाच होता. दोन वर्षांपूर्वी स्वतः बसवला होता, आणि त्याबद्दल त्याला एक फ्रेम केलेलं सर्टिफिकेटही मिळालं होतं.

“और जो फेल हो?” मैनाने काचेचं दार ढकलून विचारलं.

“उसको पंद्रह दिन बाद दूसरा मौका,” साहेब म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. “यल्ला, चलो, गुरुदत्त, तू कौशिक को सिखा. अपने घर पे. तुझसे अच्छा कौन सिखाएगा?”

त्याच संध्याकाळी कौशिक ट्रॅकसूट घालून, मिठाईचा डबा घेऊन हजर. “दादा, तुमच्यासारखं जमेल ना मला? वहिनी, सांगा ना, काय काय करायचे हो हे?”

मैनाने हॉलकडे बघितलं. पाचही गाद्या गायब होत्या. गुरुदत्तने त्या दुपारीच, दुखऱ्या माकडहाडासकट, खाली सुरैयाकडे परत नेऊन टाकल्या होत्या. टाईल्स पुसून चकचकीत केल्या होत्या. फ्रिजवर कागद नव्हता.

“कौशिक, घाई नाही करायची,” गुरुदत्त मायेने म्हणाला. असा मायेचा आवाज मैनाने त्यांच्या लग्नातही ऐकला नव्हता. “इथे टाईल्सवर उभा राहा. हात भिंतीला टेकव. जमत नसेल तर सोपं करून घ्यायचं. पाय अर्धाच उचल. दमलास? बस, बस, पाच सेकंद पुष्कळ झाले आजच्याला.”

“दादा, तुम्ही पण असंच करायचात?”

“हुबेहूब.”

मैना नवऱ्याकडे बघत राहिली. बावीस वर्षं हा माणूस कागदावर लिहिल्याशिवाय पाणी प्यायला नव्हता. आज त्याने काही न लिहिता एवढं डोकं चालवलं होतं. हा पोरगा परत नापास झाला, की बोल्ट तपासायला वर जाणारं पोर्टमध्ये दुसरं उरतं कोण? मग साहेबांनाच तो रूल फाडावा लागणार.

भिंतीला एक हात टेकून कौशिक अर्धा पाय उचलून उभा होता आणि घामाघूम होत होता. मैनाला क्षणभर त्याची दया आली. मग तिने स्वयंपाकघरातून हातांची भक्कम खुर्ची उचलून आणली आणि त्याच्या दुसऱ्या हाताशी ठेवली.

“धरा ना भावजी, ही पण धरा,” ती म्हणाली. “कशाला उगाच तोल सांभाळायचा?”