नव्या व्हर्जनची सोयरीक

मानवजातीची प्रगती जुनं टाकून नवं स्वीकारणाऱ्या धाडसी माणसांनी घडवली आहे. आमच्या ऑफिसात ती हिराकाका पाटलांना विचारून घडते.

भिवंडीच्या निजामपुऱ्यात, लूमच्या कारखान्यावरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. गोदामवाल्यांसाठी आम्ही मालाच्या आवक-जावकीचे प्रोग्राम लिहितो. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते लिहितो, त्याचं नवं व्हर्जन आलं की पडद्यावर सूचना झळकते. आमचे सर्वांत जुने प्रोग्रामर असलेले काका तिला सांगतात, "बस जरा. पानी पी." मग ठाण्या-कल्याणच्या ओळखीच्या प्रोग्रामरांना फोन लावतात. "तुमच्याकडं आली ना नवी? कशी नांदते?" नवं व्हर्जन म्हणजे त्यांच्या लेखी सून. आधी चौकशी, मग उंबरठा.

मला या माणसाचा हेवा वाटतो. नव्या व्हर्जनची माहिती तळटीपांसकट मी वाचतो, म्हणून काका मला मास्तर म्हणतात. काका एक ओळ वाचत नाहीत. तरी आमचे मालक नईमभाई माझं सगळं शांतपणे ऐकतात आणि विचारतात, "बहुत अच्छे. काका क्या बोलते?"

परवा कोन गावच्या एका गोदामवाल्याला शनिवारी प्रोग्राम द्यायचा होता. त्याला पावत्या मराठीत हव्या होत्या आणि आमच्या पावतीवर जोडाक्षरं फुटत होती. नव्या व्हर्जनमध्ये ही खोड दुरुस्त केल्याचं मी बुधवारी सर्वांसमोर सिद्ध केलं. ते घेतलं नाही तर गिऱ्हाईक हातचं जाणार होतं; एकदा तरी माझा शब्द चालणार होता.

"काका?" नईमभाई म्हणाले.

"शुक्रवारी बघू."

बिघडलं तर शनिवार-रविवार त्यात जातो, म्हणून जगभर शुक्रवारी कोणी असल्या कामाला हात लावत नाही. पण भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, जमीन हादरत नाही, वीज स्थिर असते. म्हणून काका सुट्टीच्या दिवशी एकटे येऊन अपग्रेड करतात. नईमभाईंना हा त्याग वाटतो.

त्या शुक्रवारी मीही गेलो. मदतीला नाही, काकांचं चुकलं तर ते बघायला कोणीतरी हवं.

काका जुन्या, फालतू कॉम्प्युटरसमोर बसले होते. त्यावर नवं व्हर्जन चालू होतं. शेजारी छापलेली पावती, सगळी जोडाक्षरं धडधाकट.

"तुझं बराबर हाय, मास्तर. बुधवारीच घालून बघितला."

"मग बुधवारीच हो का नाही म्हणालात?"

काकांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुकट.

"हो बोललो असतो तं आज काय केला असता? पोरा गेली ठान्याला. शेतावर गोदाम झाला. अंजूरला घरात मी नि टीव्ही." त्यांनी अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली. "तू आलास, बरा झाला. खा. घाई न्हाय."

मी भाकरीचा तुकडा मोडला. सुकट उत्तम होती, याचाही मला थोडा हेवा वाटला. अपग्रेडला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. आम्ही दिवे लागेपर्यंत बसलो.

शनिवारी गोदामवाला खूश झाला. काका सर्वांसमोर म्हणाले, "हा सगळा मास्तरचा डोका हाय."

नईमभाईंचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "देखा? इसको बोलते हैं बड़प्पन."