कुलपवाल्याकडे घरफोडी

मागची खिडकी उघडली आणि कुलपवाला जागीच थिजला. वेलीवरचं शिंजिरीचं घरटं फाटून लोंबत होतं. आत एकही अंडं नव्हतं.

"ताई! अगं, लुटलं गं!"

शेजारच्या जिन्यावरून बहीण धापा टाकत आली. "गल्ला फोडला?"

"घरटं!"

"हात मेल्या! जीव गेला असता माझा."

बायको गेल्यापासून त्याने चाव्या कापायचं मशीन लावलं नव्हतं. शटर उघडायचं आणि त्या पक्षिणीकडे बघत बसायचं, एवढाच धंदा उरला होता.

"मी एवढा पहारा देत होतो, तरी कावळ्याला कळलं कसं?"

"पहारा? उठसूट स्टूल ओढून वेलीत डोकं घालायचास. समोरच्या तारेवर बसून तो बघत होता की! पत्ता तूच दिलास त्याला."

कुलपवाल्याने स्टूल खिडकीपासून दूर सारलं. जन्मभर लोकांची घरं राखली आणि हिचं आपणच दाखवलं!

त्याचं तोंड बघवेना, म्हणून ताईने कपाटाची चावी पुढे केली. "दुसरी करून दे. हात तरी हलव."

मशीन किंचाळलं. चावी झाली तरी त्याचे हात थांबेनात. आणि थोड्याच दिवसांत शिंजिरीने चक्क मशीनच्या वरच्या वायरला नवं घरटं टांगलं!

तिला त्रास नको म्हणून त्याने मशीन बंद केलं. लगेच कावळा शटरपाशी उतरला. कुलपवाल्याने घाबरून बटण दाबलं. कावळा पसार. शिंजीर मात्र ढिम्म.

"म्हणजे हिने या खडखडाटासाठीच जागा निवडली?" तो थक्क झाला.

"अंडी या वेळी कमी दिसतात," ताई लांबूनच म्हणाली. "एकदा लुटल्यावर कोण मोठा संसार मांडतो?"

त्याने कोरी चावी उचलली आणि मशीन लावलं.

मग दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत तो चाव्या कापत सुटला. कुलपं नसलेल्या चाव्यांचा ढीग पडला. आवाज ऐकून लोक डोकावू लागले. "उघडलंत का हो दुकान?" नाही म्हणायला तोंडच उरलं नव्हतं.

एके सकाळी पिल्लं उडाली. त्याने मशीन बंद केलं. दुकान एकदम सुन्न झालं.

ताई हळूच म्हणाली, "झालं ना तुझं? चल, घरी चल."

"थांब गं. चौघांच्या चाव्या द्यायच्यात. संध्याकाळी येतील."

"कोण येतील?"

"गिऱ्हाइकं," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.